चालत्या सायकलवरची पवनचक्की : प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर

काम हाती घेतलं. सायकल चालवताना समोरून जो वारा लागतो, त्यावर छोटा पंखा फिरवून त्या विजेवर मागचा दिवा, जीपीएस आणि जमलं तर मोबाइल चार्ज करायचा. सामान विकत आणण्याआधी कागदावर हिशेब मांडला, कारण वाऱ्याचं गणित अंदाजाला फार चकवतं.

वाऱ्यातली शक्ती म्हणजे हवेच्या घनतेचा निम्मा भाग गुणिले पंख्याने व्यापलेलं क्षेत्रफळ गुणिले वेगाचा घन. समुद्रसपाटीला हवेची घनता १.२२५ किलो प्रति घनमीटर धरतात. २० सेंमी व्यासाचा पंखा ०.०३१४ चौरस मीटर जागा व्यापतो. त्यावरून, वारा पडलेला असताना :

ताशी १५ किमी – १.४ वॅट
ताशी २० किमी – ३.३ वॅट
ताशी ३० किमी – ११ वॅट
ताशी ४० किमी – २६ वॅट

हे आकडे वाऱ्यात असलेल्या शक्तीचे आहेत, हाती येणाऱ्या नव्हेत. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी शंभरेक वर्षांपूर्वी दाखवून दिलं की कितीही उत्तम पाती केली तरी वाऱ्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्के शक्ती काढता येते. सगळी काढायची म्हटली तर पंख्यामागची हवा जागीच थांबेल आणि नवी हवा यायला वाटच उरणार नाही. घरी कापलेल्या लहान पात्यांना २० टक्के मिळाले तरी मी ते चांगले समजेन. जनित्र, डायोड आणि चार्जर यांची घट धरून ताशी २० किमीला ०.४ वॅटच्या आसपास वीज मिळावी.

वेगाच्या घनाचा परिणाम या चार ओळींत उघड दिसतो. १५ वरून ३० वर गेलं की शक्ती आठपट. पुढचे सगळे निर्णय यावरच ठरणार.

७ ऑक्टोबर

आता काय चार्ज करायचं ते. ४००० मिलिअँपिअर-तासांची मोबाइलची बॅटरी म्हणजे साधारण १५ वॅट-तास. ०.४ वॅटने ती भरायला दीड दिवस अखंड सायकल मारावी लागेल. म्हणून स्मार्टफोन यादीतून काढला. मागचा एलईडी दिवा ०.१ ते ०.२ वॅट खातो. साध्या बटणांच्या फोनची १००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ३.७ वॅट-तासांची असते. ही आपल्या आवाक्यातली गिऱ्हाइकं.

तुलनेसाठी चाकाच्या तुंब्यातला डायनामो : ताशी १५ किमीला ६ व्होल्ट, ३ वॅट. निव्वळ वीज हवी असेल तर तोच घ्यावा, यात मला शंका नाही. मला वाऱ्याचं समजून घ्यायचं आहे. शिवाय सायकल उभी असतानाही वारा चालू असतो आणि तिथे डायनामोचा काही उपयोग नाही.

११ ऑक्टोबर

जुन्या संगणकातला १२ सेंमीचा पंखा उघडला. जनित्र म्हणून सगळ्यांना आधी हाच सुचतो, म्हणून नीट तपासून घेतला. बाहेर आलेल्या लाल-काळ्या तारांवर पंखा फिरवून काहीही मिळत नाही. आत चुंबकाची जागा ओळखणारा हॉल सेन्सर आणि गुंडाळ्यांना आळीपाळीने वीज देणारी चिप बसलेली असते, ती आडवी येते. चिप काढून थेट गुंडाळीवर तारा जोडल्या तेव्हा फुंकर मारल्यावर एक लाल एलईडी मिणमिणला.

पण पात्यांचा बाक हवा ढकलण्यासाठी दिलेला आहे, हवेकडून ढकलून घेण्यासाठी नाही. शिवाय मधला गोल भाग बरीच जागा अडवतो. पंखा बाजूला ठेवला.

१८ ऑक्टोबर

आता जनित्र म्हणून प्रिंटरमधली स्टेपर मोटर, म्हणजे पावलापावलाने फिरणारी मोटर. एका फेरीत २०० पावलं, त्यामुळे बोटाने हळू फिरवली तरी भरपूर व्होल्टेज देते. मेजावर फार आशादायक वाटली. पीव्हीसी पाइपची तात्पुरती पाती लावून टेबलफॅनसमोर धरली तर हललीसुद्धा नाही.

कारण बोटांना जाणवतं. आस फिरवताना ती टकटक अडखळते. चुंबक लोखंडी दातांसमोर येऊन थांबू पाहतात, यालाच कॉगिंग म्हणतात. या आकाराच्या मोटरमध्ये हा अडथळा ०.०१५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. ताशी १५ किमी वाऱ्यात २० सेंमीचा थांबलेला पंखा जेमतेम ०.००५ न्यूटन-मीटर जोर लावू शकतो. म्हणजे तिप्पट कमी. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, तेव्हा ताशी २५ किमी ओलांडल्यावरच पंखा सुरू होणार, आणि सपाटीवर मी सहसा त्या वेगाने जात नाही.

लहान पवनचक्कीत सुरुवातीचा अडथळा किती आहे, हा प्रश्न किती वीज निघते याच्या आधी विचारायला हवा. मोठ्या पंख्यात हे जाणवत नाही, कारण पाती त्याच प्रमाणात वाढवून दुप्पट व्यासाला नेली की जोर आठपट होतो.

२३ ऑक्टोबर

कॅमेरा स्थिर धरणाऱ्या गिंबलची ब्रशलेस मोटर आणली. बारा दात, चौदा चुंबक. ही जोडी मुद्दाम अशी निवडलेली असते : सगळे चुंबक एकाच वेळी दातांसमोर येत नाहीत, एका फेरीतले ८४ बारीक अडखळे एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. बोटाला ती गुळगुळीत लागते. बारीक तारेचे भरपूर वेढे असल्याने कमी फेऱ्यांनाही व्होल्टेज चांगलं मिळतं.

ड्रिल मशीनमध्ये आस धरून मोजलं. मिनिटाला १२०० फेऱ्यांना साधारण ८ व्होल्ट, दोन टोकांमधला रोध १० ओहमच्या आसपास. हा रोध पुढे जाचणार आहे. मोटरमधून येणारी उलटसुलट वीज एकाच दिशेची करायला तीन तारांवर सहा शॉट्की डायोडचा ब्रिज बांधला. साध्या सिलिकॉन डायोडच्या जोडीत १.४ व्होल्ट जातात, शॉट्कीच्या जोडीत ०.६. एकूण पाच-सहा व्होल्टच असताना हा फरक फार मोठा आहे.

३० ऑक्टोबर

पाती. पीव्हीसी पाइपचा स्वतःचा बाक असतो. तो तिरका कापला की पात्याला बुडाशी जास्त आणि टोकाशी कमी असा पीळ आपोआप मिळतो, आणि हवाच तशी मागणी करते. टोकाचा वेग जास्त असल्याने तिथे पातं जवळजवळ सपाट हवं. तीन पाती भरभर फिरतात पण सुरू व्हायला आळस करतात. सहा पाती लगेच सुरू होतात पण सावकाश फिरतात. पाच ठेवली. प्रत्येक पातं तराजूत घालून सारखं केलं, जड होती ती घासून हलकी केली. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर दीड हजार फेऱ्यांना हँडल थरथरतं.

पंख्याभोवती कडं आणि पुढे-मागे जाळी बसवली आहे. उतारावर पात्याचं टोक सेकंदाला २० मीटरहून जास्त वेगाने जातं. जाळीशिवाय रस्त्यावर न्यायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवलं होतं.

२ नोव्हेंबर

रस्त्यावर. हँडलच्या मधोमध लावलं तर पंखा अपेक्षेपेक्षा मंद फिरला. स्वाराचं शरीर पुढची हवा आधीच दाबून मंद करतं, छातीसमोरची जागा म्हणूनच वाईट. हँडलच्या टोकाकडे, बाहेर सरकवलं आणि फरक लगेच दिसला.

बक-बूस्ट मॉड्यूल (व्होल्टेज वाढवून किंवा कमी करून ठरावीक ठेवणारं सर्किट) लावून पाच व्होल्ट तयार केले आणि निव्वळ चाचणीसाठी जुना स्मार्टफोन जोडला. फोन चार्जिंगचं चिन्ह दाखवतो, दोन सेकंदांत बंद करतो, पुन्हा दाखवतो. प्रत्येक वेळी पडदा उजळतो. तासाभरात त्याची बॅटरी वाढण्याऐवजी उतरली, कारण पडद्यालाच मिळकतीपेक्षा जास्त वीज लागते.

५ नोव्हेंबर

या लुकलुकण्याच्या मुळाशी जायला दोन संध्याकाळी गेल्या, आणि माझ्या मते या प्रकल्पातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच.

पाच व्होल्ट कायम राखणारं मॉड्यूल बाहेर ठरलेली शक्ती देत राहतं. आत येणारं व्होल्टेज घसरलं की ती शक्ती भरून काढायला ते आतून जास्त करंट ओढतं. जास्त करंट म्हणजे मोटरवर जास्त भार, पंखा मंद. पंखा मंद म्हणजे व्होल्टेज आणखी कमी. मग आणखी करंट. क्षणभरात पंखा जवळजवळ थांबतो, मॉड्यूल बंद पडतं, भार सुटतो, पंखा पुन्हा वेग घेतो. भिंतीतल्या सॉकेटवर हे कधी दिसत नाही, कारण तिथे मागे अमाप शक्ती उभी असते. इथे मागे अर्धा वॅट आहे.

पंख्याला सोसेल तेवढाच करंट घ्यायचा, तर चार्जरने बाहेरचं नव्हे, आत येणारं व्होल्टेज सांभाळायला हवं. सौर पॅनेलसाठी केलेल्या चार्जर चिप नेमकं हेच करतात : व्होल्टेज ठरवलेल्या रेषेखाली जाऊ लागलं की त्या करंट कमी करतात. तशी चिप लावली, मध्ये १८६५० आकाराचा एक लिथियम-आयन सेल ठेवला, सेलवर संरक्षण सर्किट आहेच. पंखा सेल भरतो, सेल उपकरणाला देतो. दोघांचा एकमेकांशी थेट संबंध उरला नाही. लुकलुकणं बंद.

सेलनंतरच्या यूएसबी सॉकेटमध्ये डेटाच्या दोन पिना एकमेकींना जोडल्या आहेत. त्याशिवाय बरीच उपकरणं याला चार्जर मानत नाहीत.

९ नोव्हेंबर

पाऊस. पाणी आत जाऊ नये म्हणून फक्त तारांचे जोड सिलिकॉनच्या लेपाने बंद केले.

१५ नोव्हेंबर

आज वारा नव्हता. ताशी २० किमीला सेलमध्ये १०० मिलिअँपिअरच्या आसपास जात होते, म्हणजे कागदावरचे ०.४ वॅट. धाकटी बहीण शेजारून सायकल चालवत होती. तिने विचारलं, "दादा, ही वीज फुकटची की तुझ्या पायांतली?"

रात्री बसून नीट उत्तर काढलं. पंखा हवेला अडवतो, म्हणून हवा पंख्याला मागे ढकलते. माझ्या पंख्यावर ताशी २० किमीला हा रेटा अर्ध्या न्यूटनच्या किंचित खाली येतो. त्याला वेगाने गुणलं की २.६ वॅट. म्हणजे पायांतून २.६ वॅट जातात आणि सेलमध्ये ०.४ पोचतात. सपाट रस्त्यावर या वेगाला पायांचे ७५ ते १०० वॅट लागतात, त्यात अडीच वॅट जाणवत नाहीत. पण जाणवत नाहीत म्हणून ते फुकट ठरत नाहीत.

पाती आदर्श असती तर? बेट्झच्याच सिद्धांतातून उत्तर निघतं. सर्वाधिक शक्ती काढणारा आदर्श पंखा वाऱ्यातल्या शक्तीचे १६/२७ घेतो आणि वाहनाला मात्र ८/९ चा भुर्दंड पाडतो. भागाकार केला की दोन तृतीयांश. सर्वोत्तम पंखासुद्धा, वारा पडलेला असताना, वाहनाने दिलेल्या तीन भागांतला एक भाग मागच्या मंदावलेल्या हवेत सोडून देतो. मोटारीच्या टपावर पवनचक्की लावून मोटार चालवण्याच्या कल्पना सतत मांडल्या जातात, त्या इथेच संपतात.

तिला सकाळी सांगितलं, "पायांतली." मग तिचा पुढचा प्रश्न आला : "मग उतारावर कोणाची?"

या प्रश्नाने प्रकल्पाला दिशा दिली. सायकल आणि मी मिळून ९० किलो. ५ टक्के उतारावर ताशी ३० किमी वेगाला गुरुत्वाकर्षण सुमारे ३७० वॅट देतं. हवा आणि टायर त्यातले निम्मेअधिक खातात. तोच वेग राखायचा तर उरलेले शंभराहून जास्त वॅट ब्रेकच्या रबरात उष्णता होऊन जातात. त्यातले नऊ वॅट पंख्याने घेतले तर माझं काहीच जात नाही, ब्रेकवरचा भार तेवढा कमी होतो. तिथली वीज खरोखर फुकट आहे. तेव्हा पंखा सतत चालवायचाच नाही.

१६ नोव्हेंबर

विमानांमध्ये हेच तत्त्व संकटकाळासाठी वापरतात. इंजिनं बंद पडली की पोटाखालून किंवा पंखाच्या मुळाजवळून एक छोटा पंखा बाहेर येतो, रॅम एअर टर्बाइन. १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चं इंधन हवेतच संपलं आणि ते कॅनडात गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर तरंगत उतरवलं गेलं, तेव्हा सुकाणू हलवायला लागणारा हायड्रॉलिक दाब याच पंख्याने पुरवला. उतरताना विमानाचा वेग कमी झाला तसा दाबही घटला आणि सुकाणू जड झालं. वेगाच्या घनाचा तोच नियम. आणि ती शक्ती विमानाच्या उंचीतून येत होती, माझ्या उतारासारखीच.

२२ नोव्हेंबर

पंख्यासमोर नरसाळं लावून हवा कोंडून घ्यायची, ही सूचना बऱ्याच जणांकडून आली. पुठ्ठ्याचं करून पाहिलं. वीज वाढली नाही, हँडल मात्र जड झालं. हवेला नरसाळ्यात शिरण्याची सक्ती नसते. आत दाब वाढला की ती कडेने निघून जाते. मागच्या बाजूला रुंदावत जाणारं कडं लावलं तर उपयोग होतो, कारण तिथे दाब कमी होऊन पंख्यातून जास्त हवा ओढली जाते. पण तेवढाच मोठा पंखा लावणं त्यापेक्षा सोपं. नरसाळं काढलं.

२९ नोव्हेंबर

समोरून जोराचा वारा. याचा हिशेब वेगळा आहे आणि मला तो फार आवडला. मी ताशी १५ किमीने जातो आहे आणि समोरून तेवढाच वारा येतो आहे, तर पंख्याला ताशी ३० किमीची हवा लागते. वीज त्या ३० च्या घनाने मिळते. रेटाही ३० च्या वर्गाने वाढतो, पण पायांवरचा भुर्दंड म्हणजे रेटा गुणिले जमिनीवरचा वेग, आणि तो १५ च आहे. म्हणजे मिळकत आणि खर्च यांचं गुणोत्तर दुप्पट सुधारतं. आदर्श पंख्याचं दोन तृतीयांशावरून चार तृतीयांशावर, म्हणजे खर्चापेक्षा मिळकत जास्त. जास्तीचा भाग खऱ्या वाऱ्याचा.

हे कागदापुरतं नाही. २०१२ मध्ये ब्लॅकबर्ड नावाची गाडी निव्वळ वाऱ्यावर, थेट समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या विरुद्ध, वाऱ्याच्या दुपटीहून जास्त वेगाने धावली. तिच्या भल्यामोठ्या पंख्याने चाकं फिरवली. माझ्या पंख्याचं गुणोत्तर मात्र ०.१५ वरून ०.३ पर्यंतच जातं. विरुद्ध वाऱ्यात आधीच दमणूक होते, तिथे हा पंखा उघडायचा नाही असं ठरवलं.

६ डिसेंबर

घडी घालणारी जोडणी पूर्ण केली. भार काढून पंखा नुसता फिरू देणं पुरेसं नाही. मोकळा फिरणारा पंखासुद्धा हवा अडवतो, आणि ताशी ४० किमीला मोकळ्या पंख्याचं व्होल्टेज २५ च्या वर जाऊन चार्जर जळू शकतो. म्हणून पंखा बिजागरीवर घेतला. एरवी स्प्रिंग त्याला वळवून कड समोर ठेवते. जुन्या गिअरची केबल आणि खटका हँडलवर आहे. उतार लागला की खटका ओढायचा, पंखा समोर येतो. केबल तुटली तर स्प्रिंग त्याला आपोआप बंद करते, ही बाजू मी मुद्दाम अशी निवडली. जोडीला एक स्विच आहे, तो मोटरच्या तिन्ही तारा एकमेकींना जोडतो. तो दाबला की पंखा विजेनेच जखडतो आणि अगदी रेंगाळत फिरतो.

१४ डिसेंबर

लांबच्या घाटउतारावर चाचणी. चार्जरची रेषा आधी ५ व्होल्टवर होती, ती ७ वर नेली. उतारावर पंखा दुप्पट वेगाने फिरतो. त्याला ५ व्होल्टवर दाबून धरलं तर करंट वाढतो आणि १० ओहमच्या गुंडाळीतच शक्ती जळते. ७ वर तीच शक्ती कमी करंटने येते. ताशी ४० किमीच्या आसपास सेलकडे तीन वॅटच्या जवळपास जात होते.

दहा मिनिटांच्या अशा उताराला अर्धा वॅट-तास. मागच्या दिव्याला तीन-चार तास पुरेल. तोच उतार पंखा मिटवून पुन्हा उतरलो तर तळाशी वेगात ताशी एखाद्या किलोमीटरचा फरक पडला. हिशेबही तेच सांगतो : ताशी ४० किमीला पंख्याचा रेटा २ न्यूटनच्या आत आणि माझ्या अंगावरचा हवेचा रेटा ४० न्यूटनच्या जवळ.

२१ डिसेंबर

मुक्कामाचं स्टँड. सायकल उलटी ठेवून वर केलेल्या चाकाला काठी बांधली, टोकाला पंखा आणि मागे पत्र्याची शेपटी. इथे पायांचा काहीच संबंध नाही. ताशी १५ किमीचा वारा रात्रभर राहिला तर आठ तासांत दीड वॅट-तास, म्हणजे अशा तीन उतारांइतकी वीज. मंद पण लांबलेला वारा इतकं देतो, ते मला हिशेब मांडेपर्यंत पटलं नव्हतं.

या वाऱ्यात ७ व्होल्ट गाठले जात नाहीत, म्हणून चार्जरची रेषा ठरवणाऱ्या रेझिस्टरला दुसरा एक जोडून दोन जागांचा स्विच बसवला : उतारासाठी ७, मुक्कामासाठी ५.

राहिलेलं काम : शेपटीबरोबर पंखा फिरतो तेव्हा तार पिळते, तिला दोन फेऱ्यांची ढील दिली आहे, नंतर तार न पिळता फिरू देणारी सरकती जोडणी करायची. बेअरिंगवरचं धुळीचं झाकण बदलायचं. सेलचं संरक्षण सर्किट ४.२ व्होल्टला खरंच तोडतं का, ते मेजावर पुन्हा तपासायचं. त्यानंतरच सेल दुसऱ्या कोणाच्या सायकलवर द्यायचा.